आडनाव नको, नाव सांग

कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त होऊन आम्ही हुडकेश्वरच्या नव्या ले-आउटमध्ये राहायला आलो, त्या दिवशी सामानाचा ट्रक दाराशी उभा होता आणि हमाल लोखंडी कपाट उतरवत होते. समोरच्या घरातून एक उंच, ताठ म्हातारा रस्ता ओलांडून आला. अंगात बाह्यांचं पांढरंशुभ्र बनियन, खाली इस्त्रीची खाकी पँट, गालावर दाढीचा एक खुंट नाही. नवा शेजारी म्हणून आता हा आपल्याशी बोलणार, या हिशेबाने मी चेहऱ्यावर हसू आणून ठेवलं. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. कपाटाखाली वाकलेल्या हमालाला विचारलं, "नाव काय तुहं?"

"पटले, साहेब."

"आडनाव नको, नाव सांग."

"संतोष."

"संतोष, डाव्या बाजूनं नाली उघडी हाये. पाय सांभाळून टाक."

मग माझी पाळी आली. मी सवयीने वडिलांच्या नावासकट सगळं सांगायला लागलो, तर मला मध्येच थांबवलं. "बाकीचं राहू द्या, नाव सांगा."

"सुधाकर."

"मी दशरथ. माठात पाणी भरून ठेवलं आहे आमच्याकडं. घेऊन जा, पोरायले पाजा."

खरं सांगायचं तर हा माणूस मला तेव्हा आवडला नाही. आपल्याकडे 'नाव काय' असं विचारतात ते आडनावासाठी, आणि आडनाव कशासाठी विचारतात ते काही कोणाला शिकवावं लागत नाही. भाड्याचं घर पाहायला गेल्यावर 'पूर्ण नाव काय जी?' म्हणून विचारायचं आणि ऐकून झालं की 'घरी विचारून सांगतो' म्हणायचं, हा प्रकार मी तरुणपणी भरपूर पाहिलेला. त्यामुळे नाव विचारणाऱ्या माणसाविषयी माझ्या मनात आधीपासून एक गाठ आहे. आणि हा तर आडनाव मुद्दाम बाजूला सारून नाव विचारत होता. मला वाटलं, काही तरी पंथबिंथ असेल, आता पत्रकं आणून देईल.

पंथ वगैरे काही नव्हता. हवालदार दशरथ भोयर, फौजेतून निवृत्त, मूळचे कन्हानच्या पलीकडच्या एका खेड्यातले. धाकटा भाऊ अजून शेती करायचा, तुरीचं पोतं दरवर्षी यायचं. मुलगा पुण्याला. घरात हे आणि बाई. मी त्यांना भोयरजी म्हणायचो आणि ते मला सुधाकर. माझ्या मुलीसमोर, जावयासमोर, कोणासमोरही नुसतं सुधाकर. आता ते नाहीत, तर त्या नावाने मला गल्लीत कोणी हाक मारत नाही. सगळ्यांसाठी मी परत काका झालो आहे.

सकाळी फाटकाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून ते बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवायचे. दूधवाला, कचरागाडीवरची माणसं, सिलिंडर आणणारा, मोबाइलवर घर नंबर शोधत फिरणारे पार्सलवाले, कोणी सुटायचं नाही. एकदा नाव ऐकलं की ते त्यांच्या डोक्यात बसलंच. क्वचित एखादं विसरलं तर माणूस बेचैन व्हायचा. एकदा भर मे महिन्यात, आमच्या नागपूरच्या त्या उन्हात, डोक्याला दुपट्टा बांधून ते चौकाकडे निघालेले मी पाहिले. विचारलं, तर म्हणाले, "तर्री-पोहेवाल्याकडं चाललो. त्याच्या नव्या माणसाचं नाव काल सांगतलं होतं त्यानं, निसटलं."

"तर उद्या विचारा ना जी. तो का पळून चालला?"

"उद्याचं कोणी सांगतलं?" असं म्हणून ते गेलेच. परत आले ते घामाने निथळत. "रामसजीवन," मला लांबूनच ओरडून सांगितलं, जणू काही मीच विसरलो होतो.

आणखी एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. भोयरजी कधी 'गा' म्हणत नसत. बाहेरच्या माणसाला यात काय विशेष, असं वाटेल. पण नागपूरकडचा माणूस 'काय गा', 'कसा गा', 'चाल गा' म्हटल्याशिवाय चार वाक्यं बोलू शकत नाही. 'गा' नसलेलं आमचं बोलणं म्हणजे मीठ नसलेलं वरण. भोयरजींची बाकीची बोली अस्सल होती, 'मले-तुले' होतं, 'काहून' होतं, पण 'गा'च्या जागी ते प्रत्येक वेळी नाव घालायचे. मला वाटायचं, फौजेची शिस्त असेल.

बाईंचं सासरचं नाव कौसल्या. दशरथाला कौसल्याच हवी, म्हणून लग्नात सासूने नाव बदलून ठेवलेलं. पण भोयरजींनी लग्नानंतर पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं होतं, "माहेरी तुले काय म्हणत?" त्या लाजून म्हणाल्या, चंद्रकला. तेव्हापासून साऱ्या घराची ती कौसल्या आणि यांची चंद्रकला. सासू जिवंत असेतो रोज यावरून कुरबुर व्हायची म्हणे. ही एवढी मर्जी राखल्यावर भोयरजींना वाटायचं, तिनेही आपल्याला नावाने हाक मारावी. ते मात्र काही केल्या जमलं नाही. "मले का येड लागलं?" असं म्हणून बाई पदराने तोंड झाकायच्या. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, उखाण्यातून, तेवढंच. आमच्या घरी हळदीकुंकू असलं की भोयरजी काही तरी निमित्त काढून व्हरांड्यात येऊन उभे राहायचे. माझ्या बायकोला ते माहीत झालं होतं. ती मुद्दाम बाईंना शेवटपर्यंत ताटकळत ठेवायची. एकदाचं आतून 'दशरथरावांचं नाव घेते' असं ऐकू आलं की हे खाकरून आपल्या घरी निघून जायचे.

पाण्याच्या टँकरवरच्या माणसाची गोष्ट सांगायला हवी. उन्हाळ्यात आमच्या ले-आउटमध्ये टँकर यायचा. त्यावर नळी धरायला एक मध्यम वयाचा माणूस असे. सगळे त्याला 'पाणीवाला' म्हणत, 'ओ भाऊ' म्हणत, चिडले की 'अबे' म्हणत. एका दुपारी तो टँकरच्या चाकाशीच कोसळला. ऊन लागलं होतं. टँकरचा चालक नवीन, त्याला काही माहीत नाही. ॲम्ब्युलन्स आली, त्यातल्या मुलीने विचारलं, पेशंटचं नाव काय? आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. भोयरजी गर्दीतून पुढे आले. "लीलाधर. गाव पारशिवनीकडचं. बायकोचं नाव सुमित्रा. मोठा भाऊ कन्हानच्या खाणीत आहे, त्याले फोन लावा, नंबर देतो." मग त्याच्याबरोबर तेही ॲम्ब्युलन्समध्ये चढले. दवाखान्यात तो शुद्धीवर येईपर्यंत ते त्याच्या उशाशी बसून होते आणि दर थोड्या वेळाने 'लीलाधर, लीलाधर' अशी हाक मारत होते, असं त्याचा भाऊ नंतर आम्हाला सांगत होता. लीलाधर वाचला. भोयरजींचं कौतुक करायला मी गेलो, तर ते चिडले. "नाव विचारलं, त्याचं का कौतुक करता?"

मला तेव्हा या चिडण्याचा अर्थ कळला नाही. तो कळला सिनेमाच्या दिवशी.

आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने एक युद्धपट पाहायला जायचं ठरवलं. आपल्या फौजेची एक तुकडी दुसऱ्या देशात जाते, तिथल्या बंडखोर लढवय्यांशी हात मिळवते आणि दोघे मिळून शत्रूला धूळ चारतात, अशी गोष्ट. गल्लीत घरचाच हवालदार असल्यावर त्याला सोडून कसं जायचं? भोयरजी नको नको म्हणत होते. आम्ही त्यांना जवळजवळ उचलूनच नेलं. मॉलमधल्या थिएटरात त्यांना मधली खुर्ची दिली, शेजारी मी.

सिनेमा जोरदार होता. आमची मंडळी टाळ्या पिटत होती. भोयरजी खुर्चीच्या दांड्या धरून बसले होते. त्यात एक तिकडचा पोरगा दाखवला होता, डोक्याला फडकं बांधलेला, सदा हसणारा, आपल्या जवानांना वाट दाखवणारा. मध्यंतरानंतर त्याच्या पोटात गोळी लागते आणि तो कॅप्टनच्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ छान छान बोलतो, मग मरतो. माझ्या बायकोने डोळे पुसले. भोयरजी हलक्या आवाजात म्हणाले, "पोटात लागल्यावर इतकं बोलता येत नाही."

सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. भोयरजी उठेनात. पडद्यावर इंग्रजीत नावं वर सरकत होती.

"सुधाकर, वाच बरं."

"काय वाचू?"

"त्या पोऱ्याचं नाव. जो मेला."

मी शोधून काम करणाऱ्या नटाचं नाव सांगितलं. "नटाचं नाही," ते म्हणाले. "थो जो पोऱ्या झाला होता, त्याचं."

वर कॅप्टनचं नाव होतं, सुभेदाराचं होतं, रेडिओवाल्या शिपायाचंसुद्धा होतं. खाली बघत गेलो. "नाव दिलं नाही भोयरजी. 'लोकल फायटर एक' असं लिहिलं आहे. त्याच्याखाली 'लोकल फायटर दोन'."

झाडूवाल्या बाया आत येऊन पॉपकॉर्न गोळा करायला लागल्या होत्या. "यायनं बी नाही विचारलं," असं म्हणून भोयरजी उठले.

बाकीची मंडळी खाण्याच्या दुकानांकडे पांगली. आम्ही दोघं पार्किंगजवळच्या बाकावर बसलो. माझ्याकडे न पाहता ते बोलायला लागले. एवढी वर्षं शेजारी राहून हे काही मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बाईंनीसुद्धा फार ऐकलं नसावं.

एकाहत्तरची लढाई. भोयरजी नुकतेच भरती झालेले, मिसरूड फुटलेलं पोर. आजच्या बांगलादेशात त्यांची तुकडी शिरली होती. सगळा मुलूख पाण्याचा, दलदलीचा. वाट दाखवायला तिकडचा एक पोरगा तुकडीबरोबर दिलेला. भोयरजींच्याच वयाचा. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात जुनाट रायफल. भोयरजींना बंगाली येत नव्हतं आणि त्याला हिंदी अर्धंमुर्धं.

"पहिल्या दिवशी मी त्याले म्हणलं, 'का गा?' तं थो म्हणे, 'की गो?' त्यायच्यात बी 'गो' म्हणते, सुधाकर. आम्ही दोघं असे हासलो, का साहेबानं आम्हाले दटावलं. बस, तेवढ्यावर दोस्ती झाली. मी 'का गा' म्हणो, थो 'की गो' म्हणे. सकाळ-संध्याकाळ तेच. मी आपल्या पद्धतीनं मुरमुऱ्यात कांदा-मिरची कालवून देऊ, थो गूळ घेऊन ये. त्याची माय आजारी होती, बहीण लग्नाची होती, घरापुढं फणसाचं झाड होतं, सगळं माहीत होतं मले. नाव नव्हतं माहीत. विचारायचं सुचलंच नाही. 'गा' म्हणलं का थो पलटून पाहे, मंग नाव कशाले लागते?"

एका सकाळी दाट धुक्यात एका अरुंद बांधावरून जायचं होतं. दोन्ही बाजूंना पाणी. पुढे चालायची पाळी भोयरजींची होती. पोराने त्यांचा पट्टा मागून धरला आणि ओढून मागे घेतलं. "तुमि पिछे," म्हणाला आणि स्वतः पुढे झाला. बांध त्याच्या पायाखालचा होता ना. थोडं पुढे गेल्यावर गोळी आली. त्याच्या पोटात लागली.

गावकऱ्यांनी होडी आणली. त्याला आत निजवलं. तुकडीला थांबायची परवानगी नव्हती. भोयरजी बांधावर उभे, होडी निघाली.

"मले त्याले हाक मारायची होती. तोंड उघडलं, तं आत नावच नाही. मी ओरडलो, 'ओ गा!' वल्हं मारणारे सारे पलटले. थो नाही पलटला."

पुढे काही दिवसांनी ते जखमींच्या तंबूत शोधायला गेले. दारावरच्या माणसाने नाव विचारलं. हे म्हणाले, साहब, लोकल लड़का है, पेट में गोली लगी है. तो माणूस थकलेला होता. म्हणाला, यहाँ सब लोकल लड़के हैं, और आधों के पेट में गोली है. भोयरजी पुन्हा पुन्हा तंबूंतून फिरले. तो कुठे दिसला नाही. मग तुकडी पुढे गेली, लढाई संपली, परत आले.

"त्याची माय-बहीण सापडली असती. एवढंसं गाव होतं. पण कोणाची माय म्हणून विचारू?" भोयरजी माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "मरायच्या आधी त्याचं नाव पायजे, सुधाकर. थो मेला असन तं मेला असन. पण नाव पायजे. माह्याऐवजी गोळी खाल्ली त्यानं, अन् मले त्याले हाक बी मारता येत नाही."

मी म्हटलं, शोधू. आजकाल काय अवघड आहे?

आधी एका वर्तमानपत्रवाल्याला आणलं. तो चांगला मुलगा होता, त्याने तासभर ऐकून घेतलं. छापून आलं ते असं: वर भोयरजींचा फोटो, खाली 'हुडकेश्वरच्या वाघाची रणगाथा', आणि आत कुठे तरी, 'एका स्थानिक तरुणाच्या मदतीने'. भोयरजींनी पेपर घडी करून मला परत दिला. गल्लीतल्या लोकांनी हार आणला, तर ते मागच्या दाराने ले-आउटमागच्या शेतांकडे निघून गेले.

मग माझी मुलगी म्हणाली, बाबा, आपणच व्हिडिओ करू. भोयरजींना खुर्चीवर बसवून मी मोबाइलवर त्यांचं बोलणं घेतलं. मुलीच्या ऑफिसातल्या एका बंगाली मैत्रिणीने खाली त्यांच्या लिपीत ओळी घालून दिल्या आणि तो इंटरनेटवर सोडून दिला. भोयरजी हुशार माणूस. वाट दाखवणारा पोरगा होता, गोळी लागली, होडीने नेलं, नाव विचारायचं राहिलं, एवढंच बोलले. गोळी कुठे लागली, बांधावर काय झालं, ते त्यांनी मनात राखून ठेवलं. कोणी समोर आला तर ओळख पटवायला खूण हवी ना.

पुष्कळ लोकांचे निरोप आले. कोणी नमस्कार करत होतं, कोणी शिव्या देत होतं, कोणी आपलीच कहाणी सांगत होतं. भोयरजी रोज सकाळी येऊन विचारायचे, "आलं का काही?" आणि मी नाही म्हटलं की "बरं," म्हणून जायचे. ते 'बरं' ऐकवत नसे. मीच मग फाटकाशी जायचं टाळू लागलो.

अखेर एक निरोप आला. बांगलादेशातल्या एका मुलाने लिहिलं होतं, माझे आजोबा तेव्हा लढले, त्यांना होडीने नेलं होतं. एका हिंदुस्थानी शिपायाला ते आयुष्यभर शोधत आहेत. आता ते अंथरुणावर आहेत. व्हिडिओ पाहिल्यापासून सारखे रडतात.

त्या दिवशी भोयरजींनी दुसऱ्यांदा दाढी केली. कपाटातून कोट काढला. दुपारी त्यांच्या पुढच्या खोलीत टेबलावर तांब्याला टेकून मोबाइल उभा केला. चंद्रकलाबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या. समोर मच्छरदाणी वर गुंडाळलेला पलंग दिसला आणि त्यावर एक वाळलेला म्हातारा, पांढरी दाढी, डोळे मात्र लखलखीत. नातू हिंदी छान बोलत होता, सिनेमे पाहून शिकलेलं.

म्हातारा बोलायला लागला आणि नातू सांगायला लागला. "दादा कह रहे हैं, आपने मुझे पीठ पर उठाया था. पाट के खेत से सड़क तक." पाट म्हणजे ताग. "रास्ते भर गोलियाँ चल रही थीं, आपने उतारा नहीं. नाव में लिटाया, तो अपना स्वेटर उतारकर मुझे पहना दिया." मग नातवाने पांघरूण बाजूला केलं. म्हाताऱ्याचा एक पाय मांडीपासून नव्हता.

मी भोयरजींकडे पाहिलं. पोट नाही, बांध नाही, दलदल नाही. भोयरजींनी कोणाला पाठीवर घेतलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा काही उतरला, की मला वाटलं आता मोबाइल बंद करावा.

पलीकडे नातू बोलतच होता. "दादा ने सारी ज़िंदगी यही कहा, उसका नाम नहीं पूछा. नमाज़ में दुआ माँगते हैं, तो कहते हैं, वो स्वेटरवाला. दादा पूछ रहे हैं, वो आप ही हैं न?"

म्हातारा उशीवरून डोकं उचलून इकडे पाहत होता. नातवाने त्याच्या मानेखाली हात दिला होता.

  भोयरजी खुर्चीत सरळ झाले, कोटाची बटणं चाचपली आणि म्हणाले, "हां. मैं ही था."

"नाम?" म्हाताऱ्याने स्वतःच विचारलं.

"दशरथ."

"दोशोरोथ," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला, "दोशोरोथ." तिसऱ्यांदा म्हणताना त्याचा आवाज फुटला आणि तो नातवाच्या हाताला तोंड लावून लहान पोरासारखा रडायला लागला.

"और आपका?" भोयरजींनी विचारलं.

त्याचं नाव काशेम होतं.

फोन बंद झाल्यावर मी म्हणालो, "भोयरजी, हा तुमचावाला पोरगा नव्हता."

"नव्हता."

"मग?"

"मी त्याचा झालो, तं काय बिघडलं?" ते कोट काढायला लागले. एक बाही अडकली, ती चंद्रकलाबाईंनी सोडवली. मग म्हणाले, "सुधाकर, थो व्हिडिओ काढून टाक."

"काहून? आता कुठे लोक पाहून राहिले आहेत..."

"म्हणूनच. उद्या तिकडचा कोणी भला माणूस मलेबी म्हणन, होय, तोच मी. अन् म्या मानून घेतलं तं? मी म्हातारा झालो. मानून घेईन मी." आणि खुर्चीवर बसून त्यांनी दोन्ही हातांनी डोळे झाकले. ज्या नावासाठी एवढी वर्षं जीव टांगणीला लागला होता, ते आता कधी मिळणार नव्हतं, आणि तो दरवाजा त्यांनी आपल्या हाताने लावला होता. मी तिथेच व्हिडिओ काढून टाकला. मला फार वाईट वाटलं आणि हा माणूस आपल्या समोरच्या घरात राहतो, याचा फार अभिमान वाटला.

पुढे काशेमचा फोन दर शुक्रवारी यायला लागला, माझ्याच मोबाइलवर. मग भोयरजींची मोठी पंचाईत. दुसऱ्याने केलेली गोष्ट आपली म्हणून सांभाळायची. ते आडून आडून काढून घ्यायचे, "वो स्वेटर का रंग याद है, काशेमभाई?" काशेम म्हणायचा, हरा. पुढच्या शुक्रवारी हे आपणहून म्हणायचे, वो हरा स्वेटर माँ ने बुना था. एकदा काशेमने विचारलं, तुझ्या खांद्याला तेव्हा लागलं होतं, तो बरा झाला का? आम्हाला काही ठाऊक नाही. भोयरजींनी क्षणभर विचार केला, आपला खांदा दोनदा गोल फिरवून दाखवला आणि म्हणाले, "एकदम ठीक." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "पहा, खांद्याले लागलं होतं अन् तसा पाठीवर घेऊन गेला. कोन्या गावचा होता, काय माहीत. मोठा माणूस असन."

भोयरजी गेल्या उन्हाळ्यात गेले. पुण्याला मुलाकडे गेले होते, तिकडेच झोपेत. त्यांना अखेरचं पाहायला मला मिळालं नाही. डोळ्यांपुढे येतात ते त्याआधीच्या हिवाळ्यातल्या एका सकाळचे.

शुक्रवार नव्हता, तरी नातवाचा फोन आला. काशेम पहाटे गेला होता. दफन दुपारी होतं. मी शाल तशीच गुंडाळून रस्ता ओलांडला. भोयरजी फाटकाशी बसले होते. माझ्या तोंडाकडे पाहूनच त्यांना कळलं असावं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि उठून आत हाक दिली, "चंद्रकला, दोन बादल्या भर."

आपलं माणूस गेल्याची खबर आली की डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही आपली रीत. बाई म्हणाल्या, "थंडी पहा किती आहे, गिझर लावते." ते नको म्हणाले. अंगणातल्या नळाशी, बनियन आणि खाकी पँटवरच जाऊन उभे राहिले. पहिली बादली उचलली. पाणी बर्फासारखं गार होतं.

"ही त्या हिरव्या स्वेटरवाल्याच्या वाटची," ते मला म्हणाले. "त्याले समजलं असतं तं त्यानं केली असती." आणि ती डोक्यावरून ओतून घेतली. सगळं अंग थडथडायला लागलं. बाई टॉवेल घेऊन पुढे झाल्या. त्यांनी हाताने थांबवलं आणि दुसरी बादली जवळ ओढली.

"आता ही कोणाची जी?" बाईंनी विचारलं.

भोयरजींनी बादली दोन्ही हातांनी उचलली.

"माह्यावाल्याची," ते म्हणाले.